सिंटरिंगमधील पूरक द्रव्ये आणि सिरॅमिकची पारदर्शकता : तारापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

सारांश

सिरॅमिक पदार्थ अपारदर्शकच असतो, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ होती. चूर्णात मिसळलेल्या अत्यल्प पूरक द्रव्यामुळे हे चित्र बदलले. प्रस्तुत लेखात या बदलाचा इतिहास मांडला असून त्याचा संबंध पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसराशी जोडला आहे. वीटभट्टीतील वीट, तारापूरच्या अणुभट्टीतील इंधनाची पेलेट आणि सोडियम दिव्यातील नळी या तिन्ही वस्तू चूर्ण तापवून घडविल्या जातात. तिन्ही ठिकाणी खरा प्रश्न छिद्रांचा असतो. छिद्रे किती ठेवायची, कोठे ठेवायची आणि कशी काढायची, हे ठरविण्याचे काम पूरक द्रव्य करते, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : सिंटरिंग, पूरक द्रव्य, सच्छिद्रता, पारदर्शक सिरॅमिक, थोरिया, तारापूर

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या इतिहासावरील एका तासाला प्रस्तुत लेखकाने रस्त्यावरचा निकामी झालेला सोडियम दिवा वर्गात नेला होता. बाहेरचे काचेचे आवरण काढल्यावर आत बोटाएवढी, दुधाळ रंगाची, प्रकाश आरपार जाऊ देणारी एक बारीक नळी दिसते. ही नळी कशाची आहे, असे विचारता बहुतेक विद्यार्थ्यांनी 'दुधी काच' असे उत्तर दिले. ती काच नाही. ती ॲल्युमिना आहे, म्हणजेच ज्या ऑक्साइडपासून घासकागदाचे कण आणि स्पार्क प्लगचा पांढरा भाग तयार होतो तेच द्रव्य आहे. हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मग स्पार्क प्लग आरपार का दिसत नाही?" प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा प्रयत्न आहे.

हा प्रश्न वरकरणी पदार्थविज्ञानाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. एकच द्रव्य एका भट्टीतून अपारदर्शक बाहेर पडते आणि दुसऱ्या भट्टीतून पारदर्शक. दोहोंतील फरक द्रव्याच्या मूळ गुणधर्मात नाही, तर ते द्रव्य कोणत्या प्रक्रियेतून गेले यात आहे. ही प्रक्रिया माणसाने केव्हा, कोठे आणि कोणत्या गरजेपोटी आत्मसात केली, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. पालघर परिसरात अध्यापन करणाऱ्यांना या विषयाचे आणखी एक कारण आहे. पूर्वेकडील वाडा-मनोर भागातील वीटभट्ट्या आणि पश्चिमेकडील समुद्रकिनाऱ्यावरचे तारापूर अणुवीज केंद्र या दोन टोकांच्या मध्ये आपली महाविद्यालये उभी आहेत आणि ही दोन्ही टोके एकाच शास्त्राची आहेत.

सिंटरिंग : संकल्पना व मूळ तत्त्व

चूर्ण दाबून त्याला आकार द्यावा आणि ते वितळणार नाही अशा बेताने तापवून घट्ट करावे, या क्रियेस सिंटरिंग असे म्हणतात. कुंभाराचे मडके आणि वीट ही या क्रियेची आद्य रूपे होत. मात्र मातीच्या भाजणीत मातीचा काही अंश वितळून काचेसारखा होतो व तो कणांना सांधतो. शुद्ध ऑक्साइडांच्या सिंटरिंगमध्ये असा वितळलेला अंश बहुधा नसतो. तेथे अणू घन अवस्थेतच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतात. या सरकण्यास विसरण म्हणतात. बारीक चूर्णाचे पृष्ठफळ प्रचंड असते आणि पृष्ठफळ कमी करण्याकडे निसर्गाचा कल असतो. हाच कल कणांना एकमेकांकडे ओढतो, त्यांच्यातील पोकळ्या आकसवितो आणि संपूर्ण वस्तू लहान व घट्ट करतो.

या क्रियेचा सैद्धांतिक पाया तुलनेने अलीकडे घातला गेला. १९४५ मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी आणि १९४९ मध्ये कुचिन्स्की यांनी दोन कण एकमेकांना कसे जुळतात याचे गणित मांडले. मानव हजारो वर्षे भट्ट्या लावीत होता. भट्टीच्या आत काय घडते याची उकल मात्र गेल्या ऐंशी वर्षांतील आहे. व्यवहार पुढे आणि सिद्धांत मागे, हा क्रम या इतिहासात पुनःपुन्हा दिसून येतो.

वीटभट्टीचेच उदाहरण घेतल्यास पूरक द्रव्याची कल्पना स्पष्ट होते. पालघर जिल्ह्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो आणि पावसाळ्यापर्यंत चालतो. विटांसाठी माती मळताना तीत भाताचे तूस अथवा राख मिसळली जाते. तूस भट्टीत जळून जाते व त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्यामुळे कच्ची वीट वाळताना तडकत नाही, आतपर्यंत भाजली जाते आणि वजनाला हलकी होते. भट्टीवर राबणाऱ्या आदिवासी कुटुंबांना किती मातीस किती तूस हे हाताच्या अंदाजाने ठाऊक असते. शास्त्रीय परिभाषेत तूस हे छिद्रकारक पूरक द्रव्य होय. पारदर्शक सिरॅमिकच्या निर्मात्याला नेमके याच्या उलट करावयाचे असते.

पारदर्शकतेची अट

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना वळतो, कारण दोहोंचे अपवर्तनांक भिन्न असतात. ॲल्युमिनाचा अपवर्तनांक सुमारे १.७६, तर पोकळीतील वायूचा जवळपास १ आहे. पदार्थात पोकळ्या असतील तर प्रत्येक पोकळीच्या पृष्ठभागावर प्रकाश वळतो, परावर्तित होतो आणि इतस्ततः विखुरतो. मीठ किंवा साखर यांचे सुटे दाणे पारदर्शक असूनही त्यांचा ढीग पांढरा दिसतो, याचेही कारण हेच आहे. पोकळीचा आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या, आसपास असेल तर हे विखुरणे सर्वाधिक असते. त्यामुळे सिरॅमिक ९९ टक्के घन असले तरी ते पांढरेच राहते. खऱ्या पारदर्शकतेसाठी सच्छिद्रता साधारणपणे ०.०१ टक्क्याच्या खाली आणावी लागते. विद्युतरोधक, घासचाक वा भांडे यांच्या निर्मात्याला इतक्या काटेकोरपणाची गरज नसते. म्हणूनच पारदर्शकता ही सिंटरिंगची सर्वांत कठोर परीक्षा मानली जाते. जे दोष सामर्थ्यमापनात लपून राहतात, ते डोळ्याला लगेच दिसतात.

येथे दुसरीही एक अट आहे. ॲल्युमिनाच्या स्फटिकात वेगवेगळ्या दिशांना अपवर्तनांक किंचित वेगळा असतो. हा फरक ०.००८ इतकाच असला तरी शेजारशेजारचे स्फटिककण वेगवेगळ्या दिशांनी वळलेले असल्याने प्रत्येक कणसीमेवर प्रकाश थोडा विचलित होतो. म्हणून छिद्रे पूर्णपणे गेली तरी सामान्य ॲल्युमिना पारभासी राहते. त्यातून प्रकाश जातो, पण दूरची वस्तू स्पष्ट दिसत नाही. यिट्रिया, स्पिनेल, यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट आणि थोरिया या द्रव्यांचे स्फटिक घनाकृती प्रणालीचे असल्याने त्यांना ही अडचण नाही. छिद्रे काढली की ती काचेसारखी स्वच्छ होऊ शकतात.

कोबल आणि पाव टक्का मॅग्नेशिया

१९५० च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत या प्रश्नावर मूलभूत काम सुरू होते. शुद्ध ॲल्युमिनाचे चूर्ण कितीही तापविले तरी घनता एका मर्यादेपुढे जात नसे. सूक्ष्मदर्शकाखाली याचे कारण दिसले. तापमान वाढत असता काही कण शेजाऱ्यांना गिळून अचानक मोठे होत. वाढणारी कणसीमा छिद्रांना मागे टाकून पुढे निघून जाई आणि ती छिद्रे मोठ्या कणाच्या पोटात अडकत. छिद्र कणसीमेवर असते तोवर त्यातील रिक्तता सीमेच्या वाटेने निघून जाऊ शकते. ते एकदा कणाच्या आत अडकले की वाट लांबते आणि छिद्र जवळजवळ कायमचे राहते. तापमान वाढविण्याने येथे लाभ होण्याऐवजी हानीच होई, कारण उष्णतेने छिद्रे जशी आकसत तशीच कणवाढही भरधाव होई.

याच प्रयोगशाळेतील रॉबर्ट कोबल यांनी चूर्णात सुमारे पाव टक्का मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळले. त्यामुळे असाधारण कणवाढ थांबली, छिद्रे कणसीमांवरच राहिली आणि हळूहळू नाहीशी झाली. भट्टीतील वायूलाही महत्त्व होते. हवेतील नायट्रोजन बंद छिद्रांत कोंडला जातो व छिद्रास आकसू देत नाही. हायड्रोजनचा रेणू लहान असल्याने तो घन पदार्थातून बाहेर निसटतो. पाव टक्का मॅग्नेशिया आणि हायड्रोजनयुक्त भट्टी यांच्या संयोगातून प्रकाश जाऊ देणारी ॲल्युमिना जन्मास आली. तिला 'ल्युकॅलॉक्स' हे नाव देण्यात आले. १९६१ मध्ये कोबल यांचे सिंटरिंगच्या सिद्धांतावरील दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि मार्च १९६२ मध्ये पारदर्शक ॲल्युमिनाचे पेटंट त्यांना मिळाले.

या शोधाला लगेच उपयोग सापडला. सोडियमची तप्त वाफ उच्च दाबाखाली ठेवल्यास भरपूर सोनेरी प्रकाश देते, परंतु ती साध्या काचेला व क्वार्ट्झला खाऊन टाकते. ॲल्युमिना हा मारा सोसते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ॲल्युमिनाच्या नळीचे उच्च दाबाचे सोडियम दिवे बाजारात आले. पुढे काही दशके महाराष्ट्रातील महामार्ग, बंदरे, रेल्वे यार्ड आणि औद्योगिक वसाहती याच दिव्यांच्या पिवळ्या उजेडात न्हात होत्या. अलीकडच्या वर्षांत एलईडी दिव्यांनी त्यांची जागा घेतली. तो पिवळा उजेड आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यामागील पाव टक्क्याची कथा मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

स्पष्टीकरणाचा दीर्घ वाद

मॅग्नेशियाचा परिणाम निर्विवाद होता. तो का होतो यावर मात्र अनेक दशके मतभेद राहिले. एका मतानुसार मॅग्नेशियाचे ॲल्युमिनाशी संयुग होऊन स्पिनेलचे सूक्ष्म कण बनतात व ते कणसीमांना खुंटीसारखे अडवून धरतात. परंतु ज्या प्रमाणात मॅग्नेशिया पूर्णपणे विरघळून जाते व स्पिनेल बनतच नाही, तेथेही परिणाम दिसतो, हे लक्षात आल्यावर हे मत अपुरे ठरले. दुसऱ्या मतानुसार विरघळलेले मॅग्नेशियम कणसीमांजवळ गोळा होते आणि सीमा सरकू लागली की तिला मागे ओढते. तिसऱ्या मताने छिद्रांच्या गतीकडे लक्ष वेधले. छिद्रे सीमेबरोबर सरकू शकली तर ती मागे पडत नाहीत आणि मॅग्नेशिया पृष्ठभागावरील विसरण वाढवून हेच साधते. पुढे चूर्णातील सिलिका व कॅल्शिया या अशुद्धींकडे संशोधकांचे लक्ष गेले. या अशुद्धी काही सीमांवर साठून असमान वाढ घडवितात आणि मॅग्नेशिया त्यांचा परिणाम बोथट करते, असे दिसून आले. आज या स्पष्टीकरणांकडे परस्परपूरक म्हणून पाहिले जाते.

विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला या वादातून महत्त्वाचा बोध होतो. कारखान्यात नळ्या तयार होत होत्या, दिवे जळत होते आणि तरीही 'हे का घडते' या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर नव्हते. उपयोजन सिद्धांताची वाट पाहत बसत नाही. त्याच वेळी, ज्या तंत्रज्ञानाचे कारण उलगडलेले नसते ते दुसऱ्या द्रव्याकडे सहज नेता येत नाही. ॲल्युमिनाला मॅग्नेशिया लागू पडली म्हणून ती यिट्रियाला लागू पडेलच असे नव्हते. प्रत्येक द्रव्यासाठी वेगळे पूरक द्रव्य शोधावे लागले.

थोरिया, सिलिका आणि लिथियम फ्लोराइड

यिट्रियासाठी हे द्रव्य सापडले ते भारतीय वाचकास विशेष जिव्हाळ्याचे आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिकच्याच संशोधकांनी यिट्रियात सुमारे दहा टक्के (मोल प्रमाणात) थोरिया मिसळून पारदर्शक सिरॅमिक तयार केले. त्याचे नाव 'यिट्रॅलॉक्स'. थोरिया म्हणजे थोरियमचे ऑक्साइड. १९०९ मध्ये शॉम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या नजरेस त्रावणकोर संस्थानातील किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू पडली आणि तेव्हापासून आपला किनारा थोरियमचा जगप्रसिद्ध साठा ठरला. त्या काळी थोरियमला मागणी होती ती गॅसबत्तीच्या मँटलसाठी. लग्नाच्या वरातीतील पेट्रोमॅक्सचे मँटल थोरियाचेच असे आणि त्यात मिसळलेला सुमारे एक टक्का सेरिया त्याला लखलखीत पांढरा प्रकाश देई. मँटलमधील सेरियाचे कार्य सिंटरिंगचे नव्हते. परंतु अल्प मिश्रणाने द्रव्याचा प्रकाशाशी असलेला संबंध पालटतो, याचे ते जुने व परिचित उदाहरण होय.

यिट्रॅलॉक्समधील थोरिया यिट्रियात पूर्णपणे विरघळते, म्हणजे दोहोंचे एकजीव घन द्रावण बनते. त्यामुळे दहा टक्के असूनही ते स्वतंत्र कण बनवून प्रकाश विखुरत नाही. पूरक द्रव्याच्या निवडीचा पहिला नियम येथे दिसतो. द्रव्य विरघळले पाहिजे आणि विरघळण्याची मर्यादा ओलांडता कामा नये. अन्यथा छिद्रे गेली तरी दुसऱ्या द्रव्याचे कण त्यांची जागा घेतात. १९७३ मध्ये ग्रेस्कोविच व चेर्नोक यांनी निओडिमियमयुक्त यिट्रॅलॉक्सपासून लेसर क्रिया दाखविली. थोरियाच्या किरणोत्सारामुळे पुढे तिच्याऐवजी झिर्कोनिया, हाफ्निया व लँथनम ऑक्साइड यांचा वापर रूढ झाला.

१९९५ मध्ये जपानमधील अकिओ इकेसुए व सहकाऱ्यांनी यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटच्या सिरॅमिकपासून कार्यक्षम लेसर तयार केला आणि मोठ्या एकस्फटिकाशिवाय लेसर होऊ शकतो हे सिद्ध झाले. तेथे पूरक द्रव्य होते सिलिका. तिचे प्रमाण टक्क्याच्या अंशातले असते. ते थोडे जरी वाढले तरी कणसीमांवर काचसदृश थर उरतो व पारदर्शकता ढासळते. स्पिनेलसाठी लिथियम फ्लोराइड वापरतात. ते लवकर वितळते, कणांना सरकण्यास मदत करते आणि पुढे वाफ होऊन निघून जाते. छिद्रांची तोंडे मिटण्यापूर्वी ते बाहेर पडले नाही तर आत कोंडून पदार्थ करडा व ठिसूळ होतो. येथे दुसरा नियम दिसतो. काही पूरक द्रव्यांचे कार्य मदत करून वेळेवर निघून जाण्यातच असते. भारतात हैदराबाद येथील चूर्णधातुकर्म व नव्या द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय प्रगत संशोधन केंद्र येथे पारदर्शक स्पिनेलवर काम झाले आहे.

तारापूर : छिद्रे राखण्याचे शास्त्र

ज्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ल्युकॅलॉक्स जन्मास आले, त्याच कंपनीशी भारताने १९६४ मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा करार केला. त्यापूर्वी ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत व अमेरिका यांच्यात यासंबंधीचा सहकार्य करार झाला होता. २८ ऑक्टोबर १९६९ पासून या भट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. दिवा आणि अणुभट्टी हे त्या कंपनीचे स्वतंत्र व्यवसाय होते आणि त्यांच्यात थेट देवाणघेवाण झाली असे येथे सुचवावयाचे नाही. साम्य आहे ते द्रव्याच्या घडणीत. अणुभट्टीचे इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या सिरॅमिक पेलेटी होत. चूर्ण दाबून, हायड्रोजनयुक्त वातावरणात सुमारे १६५० ते १७०० अंश सेल्सिअस तापमानास सिंटर करून त्या घडविल्या जातात. प्रक्रिया ल्युकॅलॉक्सचीच सख्खी बहीण म्हणावी अशी आहे.

उद्दिष्ट मात्र भिन्न आहे. पेलेटीची घनता सैद्धांतिक घनतेच्या साधारण ९५ टक्के ठेवतात, म्हणजे सुमारे पाच टक्के छिद्रे जाणूनबुजून राखली जातात. विखंडनातून निर्माण होणारे वायू व घन द्रव्ये यांमुळे इंधन फुगते. त्या फुगवट्यास आत जागा लागते. छिद्रे फार असतील तर उष्णता बाहेर वाहत नाही व पेलेटीचा गाभा अतितप्त होतो. छिद्रे केवळ बारीक असतील तर वेगळाच धोका असतो. १९७२ मध्ये अमेरिकेतील जिना अणुवीज केंद्रात असे आढळले की, इंधन भट्टीत असतानाच आकसले होते व काही इंधननळ्या चेपल्या गेल्या होत्या. अतिसूक्ष्म छिद्रे किरणोत्साराच्या प्रभावाखाली नाहीशी झाली होती. त्यानंतर टिकाऊ, थोड्या मोठ्या छिद्रांची आवश्यकता ध्यानात आली आणि चूर्णात जळून वा उडून जाणारी छिद्रकारक द्रव्ये मिसळण्याची पद्धत स्थिरावली. विटेतील तुसाचे आणि या द्रव्याचे कार्य तत्त्वतः एकच आहे.

कणांच्या आकाराबाबतही असाच उलटा व्यवहार दिसतो. ॲल्युमिनात मॅग्नेशिया कणवाढ रोखते. इंधनात क्रोमियम, टायटॅनियम वा निओबियमचे ऑक्साइड कणवाढ मुद्दाम घडविण्यासाठी वापरता येते, कारण मोठ्या कणातून विखंडनजन्य वायूला बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो. एका ठिकाणी ज्याला दोष म्हणतात, तो दुसऱ्या ठिकाणी गुण ठरतो.

इंधनपुरवठ्याचा प्रश्न आणि ज्ञानाची कमाई

तारापूरच्या इतिहासात हे शास्त्र केवळ प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. करारानुसार समृद्ध युरेनियम अमेरिकेकडून येणार होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर या पुरवठ्यात अडथळे आले आणि १९७८ च्या अमेरिकी कायद्याने ते अधिक कठीण झाले. १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली. पुढे चीन आणि रशिया यांच्याकडूनही इंधन आले. या काळात आयात समृद्ध युरेनियमपासून पेलेटी घडविण्याचे काम हैदराबादच्या अणुइंधन संकुलात होत होते. समृद्ध युरेनियमला पर्याय म्हणून युरेनियम व प्लुटोनियम यांच्या मिश्र ऑक्साइडचा विचार पुढे आला आणि त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूर येथेच प्रगत इंधननिर्मिती सुविधा उभारली. १९९४ मध्ये येथे तयार झालेले मिश्र ऑक्साइड इंधन तारापूरच्या भट्टीत वापरण्यात आले. कल्पाक्कमच्या द्रुत प्रजनक अणुभट्टीसाठीही मिश्र ऑक्साइड इंधन तारापुरातच घडविले गेले.

प्लुटोनियम विषारी व किरणोत्सारी असल्याने हे सर्व काम बंद पेट्यांतून, हातमोज्यांच्या साह्याने करावे लागते. दोन ऑक्साइडांची चूर्णे एकजीव दळणे, ती दाबणे, भट्टीतील वायूचे प्रमाण राखणे, यांपैकी एकाही पायरीवर ढिलाई चालत नाही. थोरियाचा प्रश्न आणखी अवघड आहे. तिचा वितळणबिंदू ३३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने तिचे विसरण मंद असते व घनता सहज येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी थोरियावर आधारित इंधनासाठी कॅल्शियम ऑक्साइड, निओबियम ऑक्साइड यांसारख्या पूरक द्रव्यांचा अभ्यास केला. जी थोरिया स्केनेक्टडीत यिट्रियाची पूरक झाली, तिलाच येथे स्वतःसाठी पूरक शोधावे लागले.

या घटनाक्रमातून एक निष्कर्ष काढता येतो. १९६४ मध्ये देशाने अणुभट्टी विकत घेतली. चूर्ण, पूरक द्रव्य व भट्टी यांविषयीचे ज्ञान मात्र असे विकत मिळणारे नव्हते. १९६९ ते १९९४ ही पंचवीस वर्षे ते ज्ञान कमावण्याची वर्षे होती. यंत्राची आयात आणि प्रक्रियेचे आकलन यांतील अंतर तारापूरइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते.

अर्थात तारापूरचा इतिहास केवळ तंत्रज्ञानाचा नाही. २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झालेल्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली आणि पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. पेलेटीतील छिद्रांचा हिशोब ठेवणाऱ्या इतिहासाने या नोंदीही ठेवल्या पाहिजेत.

समारोप

'मग स्पार्क प्लग आरपार का दिसत नाही?' या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. स्पार्क प्लगच्या ॲल्युमिनात छिद्रे राहू दिली जातात आणि काचसदृश थर तयार करणारी द्रव्येही मिसळलेली असतात, कारण तेथे विद्युतरोधन आणि सामर्थ्य पुरेसे असते. दिव्याच्या नळीसाठी शुद्ध चूर्ण, मोजून घातलेली मॅग्नेशिया आणि हायड्रोजनची भट्टी लागते. पारदर्शकता द्रव्यात आयती नसते. ती प्रक्रियेने मिळवावी लागते.

या आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पूरक द्रव्याचे महत्त्व त्याच्या प्रमाणावर अवलंबून नसते. पाव टक्का मॅग्नेशिया पुरते आणि दहा टक्के थोरियाही चालते. ते विरघळते का, कोठे साठते आणि वेळेवर बाहेर पडते का, यावर परिणाम ठरतो. दुसरी, एकच शास्त्र छिद्रे काढण्यास व राखण्यास उपयोगी पडते. उद्दिष्ट मानवी गरज ठरविते. तिसरी, या शास्त्रात हाताचे ज्ञान बहुधा आधी आले आणि त्याचे स्पष्टीकरण नंतर.

तिसरा मुद्दा अध्यापकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या वर्गांत वीटभट्टीवर हंगाम काढून आलेल्या घरांतील मुले आहेत, औद्योगिक वसाहतीत पाळी करून तासाला बसणारी मुले आहेत आणि अणुवीज केंद्रातील कर्मचाऱ्यांचीही मुले आहेत. पदार्थविज्ञानाचे प्रकरण शिकविताना आपण थेट परदेशी प्रयोगशाळेपासून प्रारंभ करतो. मातीत तूस का मिसळतात, या प्रश्नापासून प्रारंभ केला तर पहिले उत्तर बहुधा मागच्या बाकावरून येईल. तेथून अणुइंधनाच्या पेलेटीपर्यंत आणि पेलेटीपासून दिव्याच्या नळीपर्यंतची वाट सरळ आहे. ती विद्यार्थ्यांना दाखविणे हे या परिसरातील महाविद्यालयांना सहज शक्य असलेले आणि म्हणूनच टाळता न येणारे कार्य होय.